डावऱ्या हाताची ओळ

परवा शेजारणीनं गुळगुळीत झालेल्या पाट्याला छिन्नीनं टाकी लावून घेतली आणि दगडाच्या भुकटीचा तो कोरडा, ठिणगी पडल्यासारखा वास नाकात शिरताच मला चाकणजवळची ती विहीर आठवली. त्रेपन्न-चोपन्न साल असावं. आमचं हौशी मंडळ दर रविवारी तळेगावहून सायकली काढून जुनी देवळं, शिलालेख बघायला निघायचं, जेमतेम पाच-सहाजण. त्या दिवशी पायऱ्यांच्या विहिरीत कमानीखाली चार ओळींचा लेख सापडला. मंडळ चालवणाऱ्या आमच्या गुरुजींनी अक्षरं उठून दिसावीत म्हणून त्यांत पीठ भरून तो वाचला, शेवटच्या ओळीत विहीर बांधणाऱ्याचं नाव निघालं म्हणून हरखले आणि वहीत 'वाचन' या शब्दापुढं स्वतःचं नाव लिहून मोकळे झाले. तेवढ्यात गावोगाव जात्यांना टाकी लावत फिरणारी एक बाई पाणी प्यायला खाली उतरली. तिनं लेखावरून सहज बोट फिरवलं आणि म्हणाली, "ही खालची ओळ मागनं घातलीया. वरचा कारागीर उजवा, ह्यो डावरा. घाव उलटं उतरल्यात बगा." आमच्यातला एकजण फिसकन हसला. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटले, तिच्या बोटामागून आपलं बोट दोनदा फिरवलं आणि म्हणाले, "खरंय, बाई. म्हणजे हे नाव मागाहून घुसडलेलं. नाव सांगा तुमचं, वहीत लिहितो. हा लेख तुम्ही वाचलात." ती पदराआड हसली. "मला कुठं वाचाया येतंय, गुरुजी?" म्हणत टाकी-हातोडा उचलून पायऱ्या चढून गेलीसुद्धा. ती वही आता माझ्याकडे आहे. 'वाचन'पुढचं गुरुजींचं नाव खोडलेलं आहे आणि शेजारी त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलंय, टाकीवाल्या बाई.