शैलाताईंनी काढलेली चिन्हं

तीन आठवड्यांपूर्वी मारुंजीत भाजी घेत होतो, तेव्हा कोळवणहून शैलाताईंचे भाऊ दत्तोबा यांचा फोन आला. "ताई गेली. झोपेतच. आता घाई करू नका, सकाळीच उरकलं समदं."

हिंजवडीतल्या कंपनीत ताई मला वरिष्ठ. संगणकावर सर्किटची आकृती काढताना प्रत्येक चिपसाठी एक चिन्ह लागतं, म्हणजे एक चौकोन आणि त्याला फुटलेल्या पिना. हे काम नवशिक्यांचं समजलं जाई. ताईंनी ते वीसेक वर्षं हौसेनं केलं. मी नवा असताना एक चिन्ह काढलं, चिपवर पिना असतात अगदी त्याच क्रमानं. आकृतीत तारा एकमेकींवरून गेल्या आणि त्या गुंत्यात दोन पिनांची अदलाबदल ताईंच्याही नजरेतून सुटली. त्या आकृतीवरून बनवलेले पहिले सगळे सर्किट बोर्ड जळाले. बैठकीत साहेबांनी चिन्ह कुणाचं ते विचारलं. मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाल्या, "काढलं यानं, पण तपासून सही मी केलीय." त्या वर्षीची त्यांची बढती गेली. तो विषय त्यांनी माझ्याजवळ कधीच काढला नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारी बसवून त्यांनी मला ते चिन्ह नव्यानं काढायला लावलं. वीज वर, ग्राउंड म्हणजे विजेची परतीची वाट खाली, आत येणारं डावीकडं, बाहेर जाणारं उजवीकडं. चिप तर अशी नसते, असं मी म्हणालो. शिकवताना त्यांची बोली कोळवणची व्हायची. "चिप कशी हाय ते बोर्डाला ठावं. चित्र माणसाला वाचायचं हाय." रविवारी तो कागद घेऊन आम्ही दत्तोबांकडं गेलो. ते पंपाचे स्टार्टर दुरुस्त करतात, चिप त्यांनी कधी हाताळलेली नव्हती. बोट फिरवत ते म्हणाले, "हितनं वीज शिरती, हितनं भाईर पडती. पर ह्या दोन पिना कशाच्या, न्हाई कळत." ताईंनी तिथंच त्या दोन पिनांची नावं बदलून सोपी लिहिली. नवे बोर्ड पहिल्याच फेरीत चालले.

त्यानंतर ताईंनी एक शिस्त लावली, ती आमच्या खोलीत आजही आहे. एकानं चिपचं माहितीपत्रक मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं छापील चिन्हावर पिनेगणिक पेन्सिलीची खूण करायची. परवा मी काढलेल्या एका मोठ्या चिन्हाची तपासणी होती. मी वाचत होतो, माझी सहकारी मेघना खुणा करत होती. एकतिसाव्या पिनेशी तिची पेन्सिल थांबली. "सर, पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचलं. चूक माझी होती, आणि ती कागदावरच सापडली होती.