बॅटरीगाडीची रजई

यवतमाळच्या एका कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात अब्दुल गनी अन् उकंडा जोडीनं रुईच्या गाठी ओढत. दुपारी लिंबाखाली शेजारी बसून भाकर खात. उकंडाला बायकापोरं होती. गनीची बायको बाळंतपणात गेलेली, त्यामुळे दुपारची ती भाकर एवढाच त्याचा माणसांतला वेळ.

बासष्टच्या दिवाळीनंतर शेठनं आवारात गाठी वाहायला एक जुनी बॅटरीगाडी मुंबईहून आणली. धूर नाही, ठिणगी नाही. कापसाच्या आवारात बरी. गनीला सायकली दुरुस्त करता यायच्या, म्हणून तोच तिच्यावर बसला. गाडी आपलं काम खाणार म्हणून त्या दिवसापासून हमालांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. उकंडाही लांब बसून जेवू लागला.

पौषात थंडी पडली. उघड्या शेडमध्ये रात्रभर गारठलेली बॅटरी सकाळी जोरच धरेना. दोनचार फेऱ्या झाल्या की गाडी थांबे. मग मुकादम हमालांना हाक मारी, अन् गाठ ओढत उकंडा शेजारून जाई, मान वर न करता.

"गाडी चालत नसंन, तर तुह्यं काय काम इथं?" मुकादम एकदा म्हणाला.

शेगडी पेटवायची सोय नव्हती, सगळीकडे रुई. गनी खातूनबीकडे गेला. ती पिंजाऱ्याची विधवा, रजया भरून पोट भरायची.

"आपा, जाड रजई पाह्यजे."

"एकल्याची का दोघाची?" ती हसली. "लगन करून राह्यले काय, गनीमियाँ?"

"गाडीसाठी पाह्यजे."

खातूनबीचं हसू विरलं. "गाडीले थंडी वाजते?"

"बॅटरी गारठते तिची. संध्याकाळी चार्जिंग झालं का ती कोमट राह्यते. तवा झाकली, तर ते ऊब जाणार नाही."

तिनं दोन दिवसांत रजई भरून दिली. गनीनं गाडीखाली फळ्या अन् बारदाना घातला, चार्जिंगचा गॅस निघून जाऊ दिला अन् मग रजई चहूबाजूंनी खोचली. सकाळी आत हात घातला, तर बॅटरी म्हशीच्या पोटासारखी उबदार. गाडी दुपारपर्यंत थांबली नाही. त्याला फार आनंद झाला. सांगायला कोणी नव्हतं.

पंधरवड्यात मुकादमानं हमाल कमी केले. त्यात उकंडाही होता.

गनी त्याच्या घरी गेला. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली त्याची बायको पंचफुला भांडी बांधत बसलेली. तिनं न विचारता चहा ठेवला.

"उद्यापासून मी ते रजई टाकतच नाही," गनी म्हणाला.

"कायले? तुले काढतीन अन् दुसरा बसवतीन," उकंडा म्हणाला. "तू झाकत जाय. मी राजूरले चाललो, कोळशाच्या खाणीत."

"माह्यावर राग आहे तुह्या?"

उकंडानं बशीतला चहा फुंकला. "होता. आता निंगाच्या टायमाले कुठी ठेवू तो?"

दुसऱ्या दिवशी गनीनं त्यांचं बोचकं डोक्यावर घेऊन स्टँडपर्यंत नेलं. पोरं खिडकीसाठी भांडत होती. पंचफुलेनं "येजा भाऊजी राजूरले" म्हटलं, अन् बस निघाली. तो मोकळ्या हातांनी उभा राहिला. मग जिनिंगचा भोंगा झाला, तसा आवाराकडे चालू लागला.

पुढं तीन हंगाम तो त्या गाडीवर होता. राजूरला त्याचं जाणं काही झालं नाही.