हात दिला की थांबतं

स्टील प्लँटच्या गेटवर हेल्मेटशिवाय आत सोडत नाहीत, म्हणून आमच्या भिलाईत घरोघरी हेल्मेट आहे. घरापासून गेटपर्यंत ते कोपरात लटकत असतं. गेट दिसलं की डोक्यावर चढतं, आणि ड्यूटी संपली की पुन्हा कोपरात. शिफ्ट बदलायच्या वेळी हुडको कॉलनीत आमच्या घरासमोरच्या रस्त्यावर नुसते उभे राहा, माझं डोकं का फिरतं ते कळेल.

डिव्हायडरमधला कट जरासा पुढे आहे, तर तेवढंही जाणं जिवावर येतं या लोकांच्या. सरळ उलट्या बाजूने येतात आणि वर आपल्यालाच हॉर्न मारतात. उजवा इंडिकेटर लावून डावीकडे वळतात. मान वाकडी करून खांद्याशी मोबाइल दाबतात आणि बोलत बोलत गाडी हाकतात. पायी चालणारेही काही कमी नाहीत. जुनवानीकडून येताना एकदा एक बाई भर रस्त्यात थांबून पिशवीतली मेथी नीट करत होत्या. मी कचकन ब्रेक मारला, तर म्हणतात, "आराम से, दीदी." आराम से म्हणे!

पण सगळ्यात बेशिस्त पादचारी माझ्याच घरात होता. बाबा.

बाबा प्लँटच्या रेल्वे यार्डात होते. इंजिनाला हाताने इशारे द्यायचे, हेच त्यांचं काम. त्यांनी हात वर केला की वितळलेल्या लोखंडाची भांडी ओढणारं इंजिन थांबायचं. जन्मभर थांबलं. रिटायर झाल्यावर यार्डातली त्यांची मंडळी आमच्या घरासमोरच्या, रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर जमू लागली, तीही सवयीने दुपारच्या शिफ्टच्याच वेळेला. बाबा घराच्या फाटकातून निघायचे, उजवा हात वर करायचे आणि इकडेतिकडे न बघता रस्त्यात उतरायचे.

"बाबा, पहिले पाहत जा ना!" मी ओरडायची.

"हात देल्ला ना म्या. मंग कावून नाही थांबन थो?"

माझा नुसता संताप व्हायचा. एक दिवस हा माणूस रस्त्यावर मरणार, आणि मी फाटकात उभी राहून बघणार, ही धास्ती मला रोज दुपारी असायची.

त्या दिवशी मला सुटी होती. मी फाटकातच होते. बाबांनी हात वर केला, आणि उलट्या बाजूने आलेल्या मोटरसायकलने त्यांना उडवलं. बाबा मनगटावर पडले. मोटरसायकलवाल्याच्या कोपरात हेल्मेट.

"बाबूजी, देख के नहीं चलते क्या? ड्यूटी को लेट हो रहा है!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "राँग साइड से तू आ रहा है, और इनको बोलता है?" मी त्याच्या गाडीची किल्लीच काढून घेतली. भोवती जमलेले लोक मलाच समजावू लागले, जाने दो मॅडम, होता है. आणि रस्त्यावर बसलेले, हात पोटाशी धरलेले बाबा म्हणाले, "जाऊ दे त्याले, पोरी. हाजरी बुडन त्याची."

मी किल्ली त्याच्या अंगावर फेकली. तो गेला, हेल्मेट कोपरातच ठेवून.

मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं, त्या दुपारी बाबा चप्पल घालून फाटकाशी गेले. शिफ्टची गर्दी ओसरली होती. समोरून मंडळींनी हाका मारल्या. बाबांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, मग पुन्हा उजवीकडे.

"जा ना बाबा. कोणीच नाही येऊन राहिलं."

"पाहतो ना."

लांबून एक सायकल आली, गेली. रस्ता पुन्हा मोकळा झाला, तरी ते फाटकाचा दांडा धरून उभेच. त्यांनी घाबरून पाहावं असं मला कधीच नको होतं. त्यांनी नुसतं पाहून जावं, एवढंच हवं होतं. त्या मोटरसायकलवाल्याला शोधून त्याच्या कानाखाली द्यावी असं वाटलं. टपरीवरचे लोक चहा पिऊन उठले, तेव्हा बाबा आत वळले.

"चाय घरीच मांड, पोरी."