मोटर चालू करण्यासाठी एक दाबा

“पोरले झोप येत नही म्हंजे कोनी तरी जागं ठेवस तिले.”

फुई हे मम्मीला सांगत होती आणि माझ्या तळपायांना काशाची वाटी घासत होती. फुई म्हणजे पप्पांची बहीण. माझा इलाज करायला ती मुद्दाम राहायला आली होती. मी डोळे मिटून पडले होते, त्यामुळे तिला वाटलं माझा डोळा लागला. वाटीखालचं तूप काळं पडलं, तसं तिने बोटावर घेऊन मम्मीला दाखवलं.

“देख, कितली गरमी शे पोरना आंगमा. लगीन करी टाका.”

काशाची वाटी कुणाच्याही पायावर घासली तरी तूप काळं पडतं, पप्पांच्या पायावरसुद्धा. मम्मीला हे माहीत होतं. मला कोण जागं ठेवतं तेही माहीत होतं. पण ती म्हणाली, “हो ना, बघतोय आम्ही.”

मला जागं ठेवते ती आमच्या शेतातली मोटर.

आमची केळी तापीकाठी आहे, घरापासून लांब. शेतीची वीज एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री, आणि रात्रीची वीज कधी येईल, किती वेळा जाईल, याचा नेम नाही. पूर्वी पप्पा बॅटरी घेऊन शेतातच झोपायला जायचे. त्यांचे गुडघे गेले तेव्हा दादाने मोबाईलवर चालणारा स्टार्टर आणला. वीज आली की तो फोन करतो, आपण एक दाबला की मोटर चालू होते. सोबतची माहिती इंग्रजीत होती. “मॅडम, तुम्ही वाचा,” म्हणून दादाने ती माझ्या पुढ्यात टाकली. मी वाचली, आणि चालतं का ते बघायला माझाच नंबर टाकला. तोच राहिला. मोटर आपोआप सुरू होण्याचीही सोय त्यात आहे, पण तसं केल्यावर एकदा विहिरीत पाणी नसताना ती फिरत राहिली आणि जळाली. तेव्हापासून आमच्या घरी आपोआप काही होत नाही. मी उठते.

वीज गेली की फोन, आली की फोन. कधी एका रात्रीत इतके, की मी उशीला टेकून बसूनच राहायचे. नंतर नंतर दिवसाच्या विजेचा आठवडा असला तरी रात्री जाग यायची आणि मी अंधारात फोनकडे बघत त्याच्या वाजण्याची वाट पाहायचे. तो वाजायचा नाही, मला झोपही यायची नाही. सकाळी एसटीने शहाद्याला, शाळेत. मी नर्सरीच्या मुलांना शिकवते. एकदा फळ्याला टेकून उभी होते तर मुलं एकदम शांत झाली. डोळे उघडले तेव्हा समोर ती सगळी तोंडावर बोट ठेवून बसली होती. टीचर झोपली म्हणून. घरात मला कुणी असं झोपू दिलं नव्हतं.

दादा कारखान्यात क्लार्क आहे, पुरुषोत्तमनगरला. त्याचा नंबर टाकावा असं मी एकदा सुचवलं, तर तो म्हणाला, “मला सकाळी ड्युटी असते.” मी तोंड उघडून काही बोलणाऱ्यांपैकी नाही. मग मी गुपचूप त्याचा नंबर टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने अंगणात उभं राहून, गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, “रात्रभर माझी झोप मोडून तुला काय मिळालं?” मी खाली बघत राहिले. त्याने माझा नंबर परत टाकला आणि पासवर्ड बदलला. मम्मीने त्याच्यासाठी डोकेदुखीची गोळी शोधली. मला म्हणाली, “बिचाऱ्याचे डोळे बघ कसे झालेत.”

माझ्या डोळ्यांखालचं काळं मात्र बाहेरच्या बायकांना दिसू लागलं आणि ते लग्नाच्या आड यायला लागलं, तेव्हा इलाज सुरू झाले. दुधात उगाळलेलं जायफळ. टाळूवर तेल. उशीखाली विळा, ज्याच्या भीतीने मी मान हलवत नसे. मिठा-मिरच्यांनी नजर काढली, तर मिरच्यांचा ठसका लागला नाही म्हणून फुई खूश झाली. नजर होती म्हणे, जबरी. माझी अहिराणी मोडकी आहे. शाळेत बोललं की शिक्षा व्हायची आणि घरी बोललं की हसायचे, म्हणून मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले. फुई त्यावरूनही म्हणायची, “मॅडमले इंग्रजीमा झोप लागस का मराठीमा?” दादा खो खो हसायचा.

शेवटी मम्मी मला शहाद्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी चहा किती पिते विचारलं, ताण कसला विचारलं. रोज एकाच वेळी झोपायचं, दुपारी आडवं व्हायचं नाही, रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा, असं सांगितलं.

“फोन दुसऱ्या खोलीत?” मम्मी हसली. “मग मोटर कोण चालू करेल?”

डॉक्टर मात्र मोटर कसली हे विचारायला थांबले नाहीत. त्यांनी मम्मीकडे बघून विचारलं, “लग्नाचं बघताय ना? झालं की येईल झोप. नाहीतर तेव्हा तक्रार वेगळी असेल.” दोघं हसले. मी भिंतीवरचं लिव्हरचं चित्र बघत होते.

तरी त्यांनी गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी मी झोपले. इतकी गाढ, की सकाळी गालावर गोधडीची शिवण उमटलेली होती. त्या दिवशी चहाला चव होती असं मला आठवतं. दुसऱ्याही रात्री झोपले. तिसऱ्या दिवशी दादा शेतातून परत आला. केळीला ऐन उन्हाळ्यात दोन रात्री पाणी नव्हतं, पानं मान टाकून होती. तो काही ओरडला नाही. माझ्या पर्समधून गोळ्या काढल्या, एकेक करून मोरीत टाकल्या आणि म्हणाला, “ह्याची सवय लागते. तुझ्याच भल्यासाठी.” मम्मीने वरून पाणी ओतलं. पप्पांनी पेपर उलटला.

त्यानंतर आठवड्याभरात पाहुणे आले. तापीपलीकडचं गाव, भरपूर शेती, मुलगा एकुलता. मुलगा, त्याची आई आणि मामा. सकाळीच फुईने बजावलं होतं, “फोन लपाडी ठेव.” तिच्या मते कोणी तरी होताच, आणि आज त्याचा फोन आला तर सगळं मोडणार होतं. पण तो दिवसाच्या विजेचा आठवडा होता, म्हणून दादाने फोन बंद करू दिला नाही. तो फ्रिजवर ठेवला होता.

मी पोहे दिले, नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. मुलाच्या आईने माझ्या डोळ्यांकडे बराच वेळ बघितलं. “रातले झोप लागत नही का बेटा?” तिने विचारलं. आणि तेवढ्यात फोन वाजला.

फुईचा चेहरा पडला. “ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली, त्यामुळे सगळ्यांनीच फ्रिजकडे पाहिलं. मुलाची आई म्हणाली, “कोना फोन शे?” दादाने सांगायला हवं होतं, तर तो पंख्याकडे बघत बसला. मम्मीने पदर सारखा केला. मी उठले, फोन घेतला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला आणि मध्यभागी धरला.

“नमस्कार. आपल्या शेतात थ्री फेज वीज आली आहे. मोटर चालू करण्यासाठी एक दाबा.”

मी एक दाबला.

मुलाची आई मांडीवर थाप मारून हसली. “आमना घर बी आसंच शे व माय! मन्हा पोऱ्या रातभर उठस. डोया लाल व्हई जातस बिचाराना.” मुलाने लाजून मान खाली घातली. त्याचेही डोळे माझ्यासारखेच होते हे मी तेव्हा पाहिलं.

फुईच्या जिवात जीव आला. “आमनी पोर एकच रिंगमा उठस,” ती म्हणाली.

“सवय आहे तिला,” दादा म्हणाला.

मम्मी आणखी पोहे वाढायला लागली. पप्पासुद्धा हसले. घरात लग्न ठरल्यासारखं झालं. मुलाच्या आईने मला जवळ ओढून बसवलं, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, “बरं व्हयनं. आते तुन्हाच नंबर टाकी देऊत. मन्हा पोऱ्या झोपी तरी.”

सगळे माझ्या लाजण्याची वाट बघत होते. मी हात सोडवून घेतला.

“काकू,” मी म्हणाले, “तुमच्या मुलाचाच नंबर राहू द्या. मी येणार नाही.”