पारीवरची चाकोरी

त्या सायकलीचं खरं नाव ग्रॅव्हल बाईक. आम्ही तिला मुरमाची सायकल म्हणायचो. आमच्या तुमसर भागात डांबर संपलं की मुरूम सुरू होतो, आणि डांबर फार लवकर संपतं. मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल, जाड टायर आणि वर बसलेला चाळिशीतला गणिताचा मास्तर, म्हणजे मी. गावोगावची कुत्री माझ्यामागे धावली आहेत. त्यांना मी दोष देत नाही.

हे वेड मला माझ्या सायकलीवरच्या जोडीदारानं लावलं. तो एका राईस मिलमध्ये फिटर. माझ्या सायकलीचा एकेक नट त्याच्या हातचा. नऊ वर्षं दर रविवारी सकाळी सहाला त्याची घंटी माझ्या फाटकाशी वाजायची. घरात कोणाचं काय दुखतंय, शाळेत कोणाशी वाजलंय, हे माझ्या सख्ख्या भावाआधी त्याला कळायचं. सायकल चालवताना माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत, म्हणून खरं बोलतात, असं मला तेव्हा वाटायचं. आता असलं काही वाटत नाही.

आमची सगळ्यात लाडकी वाट अशी: बपेऱ्याच्या रस्त्यानं निघायचं आणि एका फाट्यावर डावीकडे जंगलात शिरायचं. साग, तेंदू, मोह. पानांच्या थराखाली मुरूम करकर वाजत राहतो. बराच वेळ सावलीत गेल्यावर झाडं एकदम संपतात आणि समोर तलाव येतो, कमळांनी अर्धा झाकलेला. पलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि घरी जायचा रस्ता. मधे फक्त तलावाचा मातीचा बांध. आमच्याकडे त्याला पार म्हणतात.

त्या पारीवर मी पहिल्यांदा गेलो तो एकटाच, भादव्यात. जोडीदार त्या आठवड्यात तापानं पडला होता. मी मजेत सायकल हाणत निघालो तर मधोमध एक म्हातारा काठी आडवी धरून उभा. गावानं त्याच्याकडे तलावाची राखण दिलेली होती.

"उतर गा! उतर पयले!"

उतरलो. त्यानं काठीनं मागची ओल्या मातीतली रेघ दाखवली. "हे पाय. तुह्या चाकानं नाली पाडली. आता पाणी आलं का याच्यातूनच वाट काढते. पावसाच्या दिवसात पारीवर चाक नाई चालवाचं गा. बैलबंडी बी नाई."

मग तो माझी चाकोरी टाचेनं दाबत, चिखल थापत मागे मागे गेला. मीही लाजेकाजेस्तव दाबू लागलो. मृगापासून भारी धान कापून होईस्तोवर पारीवर चाक टेकवायचं नाही, असा गावाचा नेम होता. भारी धान उशिरा येतो आणि शेवटचं पाणी तलावाचंच पितो. पार फुटली तर खालच्या बांध्यांनी बघायचं कोणाकडे? मी सायकल खांद्यावर घेतली तसा म्हातारा हसला. "सायकलनं तुले न्यावं का तुनं सायकलले, ठरव एकदाचं."

पुढच्या रविवारी मी जोडीदाराला घेऊन गेलो. त्यानंही मुकाट्यानं सायकल खांद्यावर घेतली. वर्षानुवर्षं घेतली. थंडीत म्हातारा आम्हाला उकडलेले शिंगाडे द्यायचा आणि सोलायला नखं नाहीत म्हणून आमची टिंगल करायचा.

गेल्या वर्षी जोडीदार नागपूरच्या सायकलवाल्यांच्या एका ग्रुपात शिरला. रविवारी "मिलमध्ये काम आहे" सुरू झालं. मी विश्वास ठेवला. दिवाळीच्या आधी एका सोमवारी शाळेत एका बाईंनी मला मोबाईल दाखवला. "सर, हा तुमचा मित्र ना?"

माझाच होता. हात सोडून, छाती काढून, पारीवरून सायकल चालवत होता. मागे रंगीबेरंगी कपड्यांतले पन्नास-साठ जण, सगळे खोगिरावर. अख्खी वाट त्यानं ॲपवर टाकली होती, प्रत्येक वळणासकट, आणि वर नाव दिलं होतं, 'मामा तलाव'. आता मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. जुन्या मालगुजारांच्या वेळचे असले तलाव आमच्या जिल्ह्यात जागोजाग आहेत, कागदावर आखूड करता करता त्यांचा मामा झाला. पाहुण्यांना काय ठाऊक? त्यांना वाटलं, तलाव या म्हाताऱ्या मामाचा. साठ भाच्यांनी त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढले होते. एकाही फोटोत म्हातारा हसत नव्हता.

कुंपणानंच शेत खाल्लं. दुसरं काय म्हणू? पारीवर चाक का चालवायचं नाही, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

गुरुवारी परतीच्या पावसानं जाता जाता गाव गाठलं. रविवारी मी एकटाच गेलो. पारीच्या उतरत्या भागात चाकोऱ्यांची मिळून एक नाली झाली होती, आणि तिच्यातून पाण्यानं बैलबंडी जाईल एवढी वाट काढली होती. गावातली बायामाणसं मातीची पोती रचत होती. तलावातलं पाणी निम्म्यावर आलेलं. खाली भारी धान नुकता निसवला होता, लोंब्या बाहेर पडत होत्या. त्याला जे शेवटचं पाणी लागणार होतं, ते नाल्यानं वाहून गेलं होतं.

म्हातारा मला बघून पोतं खाली ठेवून पुढे आला.

"या जी मास्तर. बसा."

आमच्याकडे 'गा' घरच्या माणसाला म्हणतात आणि 'जी' साहेबाला, पाहुण्याला, तलाठ्याला. पहिल्या दिवशी शिवी दिल्यासारखा ओरडला तेव्हासुद्धा मी त्याचा 'गा' होतो. मी म्हटलं, "बाबाजी, मला यातलं काहीच माहीत नव्हतं."

"हो जी."

"तुम्ही त्यांना अडवलं काहून नाही?"

"अडवलं ना जी. काठी आडवी धरली. मंग तुमचा दोस्त बोलला, मास्तरनं पाठवलं आमाले. तुमचं नाव आयकलं, म्हून मी बाजूले झालो."

मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोती उचलली. कोणी नको म्हटलं नाही, कोणी ये म्हटलं नाही. भारी धान शेवटी उभा राहिला, पण हातात चुरला तर दाणे पोचट निघत.

त्या संध्याकाळी पोती उचलून घरी आलो आणि तसाच चिखलाच्या हातानं जोडीदाराला फोन लावला. तो आधी हसला. "इतका कायले तापून राहिला बे? पाऊस का मी आणला?"

"माझं नाव घेतलंस तू."

"तुह्या नावाशिवाय त्यानं जाऊ देलं असतं का?"

इतक्या सरळपणे म्हणाला. नऊ वर्षं ज्याच्या मागच्या चाकाच्या भरवशावर मी डोळे मिटून वळलो, त्यानं केसानं गळा कापला होता आणि वर केस दाखवत होता. मी तोंडाला येईल ते बोललो. घरभेदी म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी, जी वर लिहिताना मी टाळली. पहिल्या दिवशी चाकोरी बुजवून झाल्यावर म्हाताऱ्यानं मला आणखी एक सांगितलं होतं: "तुले जाऊ देलं, दुसऱ्याले सांगू नोको गा." मी हो म्हणालो होतो. आणि आठच दिवसांत जोडीदाराला घेऊन गेलो होतो. जंगलातून जाताना मी स्वतःच त्याला हे हसत हसत सांगितलं होतं, मोठेपणानं, की बघ, तुझ्यासाठी शब्द मोडतोय.

माझं बोलून संपल्यावर तो म्हणाला, "बुढ्यानं तुले सांगतलं होतं, दुसऱ्याले सांगू नोको. तू मले घेऊन गेला. मी इचारलं, बुढा चिडंल ना बे? तर तू का म्हणला होता, आठवते? तू म्हणला, तू काय दुसरा आहे का?"

मी हातावरचा वाळलेला चिखल खरवडू लागलो.

"मंग ते साठ जण बी मले दुसरे नोहोत," तो म्हणाला, आणि त्यानंच फोन ठेवला.

याला काय उत्तर द्यायचं ते मला आजही सुचलेलं नाही. आणि सुचत नाही म्हणूनच त्याला माफ करणं मला जमत नाही.