गुरमेलच्या गावच्या नकाशातली विहीर

आधीच सांगून टाकतो, मी असले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी आहे. लिफ्ट मागणारी बाई, आपोआप हलणारा झोपाळा... बायको वाचते आणि मी तिच्या खांद्यावरून चुका काढतो. तेहेतीस वर्षं मिनेसोटात पाणीपुरवठा आणि ड्रेनेजची ड्रॉइंग्ज केली. पाणी उताराकडे जातं, यापलीकडे माझी कशावर श्रद्धा नाही. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय. पण सुनंदा म्हणाली, "लिहा आता. इतकी वर्षं लोकांना हसलात ना?"

आम्ही ईडन प्रेरीत राहतो. शेजारी गुरमेल सिंग, ट्रकचा धंदा विकून आता माझ्यासारखाच रिकामा. त्याचं गाव जालंधरकडचं. निम्मं गाव कुलूपबंद, कारण मालक कॅनडात नाहीतर कॅलिफोर्नियात. तिमजली घरं, गच्चीवर विमानाच्या आकाराच्या पाण्याच्या टाक्या आणि आत राहायला कबुतरं. व्हॉट्सॲपवर मात्र गाव ठणठणीत आहे, रोज भांडतं. गेल्या वर्षी ग्रुपने ठरवलं की गावाचा इतिहास छापायचा. कुठल्या आळीत कुठलं घराणं, वडाखालचा पार, बायकांचा सामायिक तंदूर, म्हशींचं तळं, फाळणीत निघून गेलेली घरं... आणि मधोमध एक मोठा नकाशा. तो कोण काढणार? "हमारे मराठे साब हैं ना!" मला न विचारताच गुरमेलने जाहीर करून टाकलं.

दोन शनिवार त्याच्या जेवणाच्या टेबलावर बसलो. सॅटेलाइट फोटोचा प्रिंटआउट, त्यावर ट्रेसिंग पेपर. गल्ली किती रुंद विचारलं की गुरमेल म्हणे, "दो भैंस." काही गल्ल्या दीड म्हशीच्या होत्या. शेवटी मी एक म्हैस बरोबर चार फूट असं स्केल धरलं.

गुरमेलची आई, बेबे, अठ्ठ्याऐंशीची. माझं आणि तिचं एकूण संभाषण म्हणजे ती म्हणणार "चाय?" आणि मी म्हणणार "हां जी." तिला पंजाबीखेरीज काही येत नाही, मला पंजाबी येत नाही. तिला गावी जायचं होतं आणि गुरमेल नेत नव्हता. तिचं डोकं आता भरवशाचं राहिलं नाही, तिकडे कोणाच्या जिवावर सोडू, असं त्याचं म्हणणं. बेबे रोज बॅग भरायची, सून रोज रिकामी करायची.

नकाशा मी घरी शाईने पक्का केला आणि तिसऱ्या शनिवारी सकाळी नेऊन टेबलावर पसरला. गुरमेल खूश होऊन बोट फिरवत होता... आणि एकदम थांबला.

"मराठे साब, ये क्या है?"

लंबरदार म्हणजे आपल्याकडचे पाटील. त्यांच्या घरामागे, गोठ्याला लागून एक वर्तुळ होतं. पूर्वेला दोन पायऱ्या. आणि बाजूला माझ्याच अक्षरात, चक्क मराठीत – विहीर. बाकी सगळा नकाशा इंग्रजीत होता. देवाशपथ सांगतो (देव मानत नाही तरी), ते काढल्याचं मला आठवत नव्हतं.

गुरमेल लाल झाला. "बेबे ने बोला ना आपको?"

मग कळलं. पंजाबात लग्नाच्या सकाळी नवऱ्या मुलाच्या आंघोळीचं पाणी त्याची वहिनी विहिरीवरून घड्यात भरून आणते, बायका गात बरोबर जातात. घडोली म्हणतात त्याला. बेबे दोन वर्षं सगळ्यांना सांगत होती की दिराच्या लग्नातली घडोली मी लंबरदारांच्या मागच्या विहिरीवर भरली. पण तिच्या पिढीतलं आता कोणी उरलं नव्हतं. ग्रुपमधले सर्वांत वडील चाचा चौऱ्याहत्तरचे. त्यांनी ठणकावलं होतं, गावात विहीर एकच, गुरुद्वाऱ्याजवळची. झालं! बेबेला नसलेल्या गोष्टी आठवतात, हे गुरमेलने डॉक्टरलाही सांगितलं होतं. माझ्याकडे मात्र त्याने विहिरीचं नावही काढलं नव्हतं.

"आपको पंजाबी आती है," तो संशयाने म्हणाला.

"अरे गुरमेलजी, मेरेको हिंदी भी कहाँ आती है?"

हे त्याला लगेच पटलं. वीस वर्षं ऐकतोय तो.

तेवढ्यात बेबे चहा घेऊन आली. गुरमेलने घाईने नकाशावर पंजा ठेवला. तिने तो उचलून बाजूला केला, वाकून बघितलं आणि वर्तुळावर बोट टेकवलं. वाचता येत नाही तिला. मुलाकडे नुसतं पाहिलं. त्या दिवशी चहा फक्त मला मिळाला.

सुनेने नकाशाचा फोटो ग्रुपवर टाकला आणि एकच कल्ला उडाला. चाचा म्हणाले, मराठ्याला आमच्या गावाचं काय कळतं? मला खोटं पाडायला म्हणून चाचांच्या पुतण्याने जागेवर जाऊन पहार चालवली. पुढच्या शनिवारी सकाळी आम्ही सगळे व्हिडिओ कॉलवर. कमरेइतकं खणल्यावर विटा लागल्या. लहान, चपट्या, जुन्या. माती बाजूला करत गेले तसा अख्खा गोल उघडा पडला. पूर्वेला दोन पायऱ्या.

मग चाचांना एकाएकी आठवलं की लहानपणी "तिकडे खेळू नका" असं मोठी माणसं म्हणायची!

गुरमेल, सहा फुटांचा माणूस, बेबेच्या पायाशी बसून रडला. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू? बेबेने त्याला थोपटलं आणि सुनेला बजावलं, आता बॅगेला हात लावायचा नाही.

मी आपला कारण शोधत बसलो. तेहेतीस वर्षांची सवय, जमिनीच्या रंगावरून डोळ्याला काहीतरी दिसलं असेल... म्हणून तो सॅटेलाइट फोटो मोठा करून पाहिला. त्या जागेवर पत्र्याची शेड आहे. तिच्याखालीच खणलं होतं त्यांनी. इकडे गावात माझी कीर्ती पसरली. एका गृहस्थांनी हरवलेल्या म्हशीचा फोटो पाठवून दिशा विचारली. मी उत्तर दिलं नाही. म्हैस दुसऱ्या दिवशी परत आली आणि तेही श्रेय मलाच मिळालं.

हिवाळ्यात गुरमेल बेबेला घेऊन गावी गेला. तिथे त्याच्या पुतण्याचं लग्न होतं. लग्नाच्या सकाळी, म्हणजे आमच्याकडे रात्री, व्हिडिओ कॉल आला. बायका गात त्या विहिरीवर आलेल्या. आत पाण्याचा थेंब नाही, म्हणून मिनरल वॉटरचा मोठा जार काठावर ठेवून वहिनी त्यातून घडा भरत होती आणि बेबे काठी टेकून सूचना देत होती. घडा भरल्यावर तिने थेट माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं.

"मराठे साब," गुरमेल हसत म्हणाला, "बेबे पूछती है, अब तो सच बता दो. कहती है, मैंने तो नहीं बताया था. फिर किसने बताया?"

गाणं थांबलं. सगळ्या बायका फोनकडे बघायला लागल्या. इकडे सुनंदाही बघायला लागली.

"मेरेको सच में नहीं मालूम, बेबे."

गुरमेलने सांगितल्यावर बेबेने मान हलवली. तिला ते मुळीच पटलं नव्हतं. दोन वर्षं तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, आता माझ्यावर ती ठेवत नाही.