अक्कांचा डावा हात

नोकरीत शेकडो फायली हाताखालून गेल्या. बहुतेकांमधली माणसं आता आठवतही नाहीत. हे मातीचं प्रकरण मात्र अजून जसंच्या तसं डोळ्यांसमोर आहे, कारण त्यात मी एका निर्दोष बाईला कोठडीत घालायला निघालो होतो आणि थोडक्यात वाचलो. वाचलो तो माझ्या हुशारीने नव्हे. म्हणून तर लिहितो आहे.

नव्वदच्या दशकात मी बंगळूरला पीण्या या औद्योगिक वसाहतीजवळच्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. आमचं घराणं चार पिढ्या बंगळूरचं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. हद्दीत लेथचे, ड्रिलिंगचे, धातूला मुलामा देण्याचे छोटे कारखाने होते. एका जुन्या तळ्यामागे साठी ओलांडलेल्या एक मराठी बाई मातीचे उपचार करत. त्यांना सगळे अक्का म्हणत. दिवसभर उभं राहून पाय आणि कंबर धरलेले कामगार त्यांच्याकडे येत, ओल्या मातीचा लेप लावून घेत आणि बरं वाटलं म्हणत परत जात. दुखणं मोठं दिसलं तर अक्का स्वतःच दवाखान्यात पाठवत.

एका सोमवारी सकाळी, हजेरी चालू असताना, फोन आला. हेड कॉन्स्टेबलने तो घेऊन स्टेशन डायरीत शब्दशः उतरवला: ‘तळ्याजवळची बाई मातीत केमिकल मिसळते. लोक भाजतील. लक्ष द्या.’ नाव विचारताच पलीकडून फोन ठेवला गेला. असे निनावी फोन रोज येत. मी मान हलवली आणि पुढच्या कामाला लागलो.

दुपारी एक बाई रडत ठाण्यात आली. तिचा नवरा लेथवर कामाला होता. टाचा सुजल्या म्हणून शनिवारी त्याने अक्कांकडे लेप लावून घेतला होता. रविवारी दोन्ही पायांवर फोड आले आणि आता तो दवाखान्यात होता. मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, ‘कशाने झालं ते कळलं तर नेमके उपचार करता येतील. उजवा पाय फार वाईट आहे. वेळ घालवू नका.’ मातीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला तरी अहवालाला कित्येक दिवस लागणार होते.

मी अक्कांना ठाण्यात बोलावलं. बाईमाणसाचा जबाब, म्हणून महिला कॉन्स्टेबलला शेजारी बसवलं. ती बेळगावकडची, नोकरीत नवीन, बोलायला फटकळ. शिपायाने अक्कांसमोर कॉफी ठेवली आणि मी आल्या आल्याच आवाज चढवला.

‘मातीत काय मिसळलंत?’

‘काही नाही.’

‘मग तो माणूस भाजला कसा?’

‘माती मी लावली. चूक माझी. लिहून घे, सही करते.’

दहा वेळा विचारलं, दहा वेळा हेच उत्तर. बाहेर फाटकाशी नातेवाइकांची गर्दी वाढत होती. सूर्य मावळल्यावर बाईला अटक करायची नाही असा आमचा शिरस्ता, आणि पाच तर वाजून गेले होते. सकाळचा फोन, दुपारची तक्रार आणि आता कबुली. मला आणखी काय हवं होतं? मी अटकेचा कागद पुढे ओढला.

तेवढ्यात कॉन्स्टेबल माझ्या कानाशी वाकली. ‘सर, अक्कांनी कॉफी प्यायली न्हाई बघा.’

‘मग?’

‘डावा हात आल्यापास्नं पदराखाली हाय.’

आमच्याकडे कॉफी येते ती स्टीलच्या पेल्यात, आणि पेला पसरट वाटीत. एका हातात पेला, दुसऱ्यात वाटी, अशी वरखाली ओतून ती निववायची. जन्म बंगळूरात गेलेली बाई कॉफी समोर निवू देईल, पण हातांनी निववणार नाही, हे होणं नाही. माझ्यासमोर तासभर ती कॉफी सायीने झाकली जात होती आणि मी केमिकल-केमिकल करत बसलो होतो.

‘अक्का, हात दावा की,’ कॉन्स्टेबल म्हणाली.

‘काही नाही ग, स्वल्प खरचटलंय.’

तिने हळूच पदर बाजूला केला. मनगटापासून कोपरापर्यंत फोडच फोड होते. मला माझीच लाज वाटली.

अक्कांची एक रीत होती. नवी माती आली की तिचा पहिला गोळा त्या स्वतःच्या डाव्या हातावर थापत, अर्धा तास थांबत आणि मगच दुसऱ्याला लावत. त्या शनिवारीही त्यांनी तेच केलं होतं. अर्ध्या तासात काही झालं नाही. आग सुरू झाली ती दुसऱ्या दिवशी, आणि तोवर ती माती त्या एका माणसाला लावून झाली होती.

‘मग लपवलंत कशाला?’

‘माती वाईट निघाली हे कळलं की लोक माझ्या गाडीवानाला धरतील. वीस वर्षं माती आणतोय बिचारा. दोन महिन्यांमागं बायको गेली त्याची. मला काय, चार शिव्या पडतील. त्याला मारतील रे.’

मी म्हणालो, ‘अक्का, कशाने भाजलं ते डॉक्टरांना कळलं नाही तर त्या माणसाचा पाय जाईल.’

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ‘पाय? हे आधी नाही का सांगायचं?’

खरंच, मी ते सांगितलंच नव्हतं. दहा वेळा प्रश्न विचारले, पण एकदाही खरी अडचण समोर ठेवली नाही. अक्कांनी लगेच गाडीवानाचं घर सांगितलं.

तो आला तोच अक्कांच्या पायाशी बसला. ‘तप्पायितु, अक्का. चुकलो.’ उन्हाळ्यात, तळं आटल्यावर, मधोमध कंबरभर खणून वर्षाची माती काढायची, असा अक्कांचा नेम. यंदा माणसं वाढली आणि माती पावसाळ्यातच संपली. तळ्यात पाणी होतं. काठाला एके ठिकाणी माती भुसभुशीत लागली, कुदळ मारायचीही गरज नव्हती. बायकोच्या जाण्याने खचलेला माणूस. मऊ लागली तिथली भरली आणि अक्कांना सांगितलं, नेहमीच्याच जागेची आहे.

उजेड होता तोवर पंच घेऊन आम्ही तिथे गेलो. दोन हात खणल्यावर पिवळट हिरवा चिखल लागला. कुणीतरी खड्डा करून त्यात काहीतरी ओतलं होतं आणि वर माती लोटली होती. पत्र्याची पिंपं ओढत आणल्याच्या खुणा काठावरून एका मुलामा देणाऱ्या कारखान्याच्या मागच्या फाटकाशी जात होत्या. पंचनामा अर्ध्यावर ठेवून मी आधी डॉक्टरांना फोन केला. ‘मुलाम्याचं रसायन? बस, एवढंच हवं होतं,’ ते म्हणाले.

बोलावणं जाताच कारखान्याचा मालक त्याच संध्याकाळी साळसूदपणे ठाण्यात आला. मी त्याला खुर्ची दिली आणि अक्कांवर आलेल्या तक्रारीबद्दल विचारलं. तो म्हणाला, ‘साहेब, मी तर लोकांच्या भल्यासाठी सकाळीच फोन केला होता.’

मी डायरी पुढे ठेवली. ‘तुमचा फोन साडेनऊचा. तक्रार दुपारची. तोवर इथे कुणी केमिकलचं नावही घेतलं नव्हतं. तुम्हाला कसं कळलं?’

शेवटी त्याला सगळं सांगावं लागलं. आपला खड्डा उकरलेला आणि शेजारी अक्कांकडे माती नेणाऱ्या बैलगाडीची चाकोरी पाहून तो घाबरला होता. ठपका आपल्यावर येण्याआधी दुसऱ्याच्या नावाने बोंब मारून मोकळा झाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पुढे गुन्हा त्याच्यावर दाखल झाला.

लेथवाल्याचा पाय वाचला. दीड-दोन महिन्यांनी तो बायकोला घेऊन अक्कांकडे गेला तेव्हा अक्काच रडल्या. गाडीवानाला कुणी बोटही लावलं नाही. आमचा शिपाई आठवडाभर त्याच्या दाराशी होता. कॉन्स्टेबलचं नाव मी बक्षिसासाठी वर पाठवलं. आज ती अधिकारी आहे. तिच्या एका वाक्याचं ऋण मी अजून मानतो.

या प्रकरणानंतर मी कबुली मिळाली म्हणून कधीच सुटकेचा निःश्वास टाकला नाही. माणूस गुन्हा लपवायला खोटं बोलतो, तसं दुसऱ्याला पाठीशी घालायलाही बोलतो. दोन्हींत फरक करायचा तर त्याच्या तोंडाइतकंच त्याच्या हातांकडे बघावं लागतं.

पुढच्या उन्हाळ्यात माझी कंबर धरली. डॉक्टरांनी काळजीचं नाही म्हटल्यावर मी अक्कांकडे गेलो. त्यांनी नव्या मातीचा गोळा घेतला, डाव्या हाताच्या डागांवर थापला आणि मला म्हणाल्या, ‘उद्या ये.’

‘अर्धाच तास थांबायचं ना?’

‘आता पुरता एक दिवस.’

‘पण अक्का, दुसरा हात धड आहे की. त्याच हातावर कशाला?’

‘ह्याला ठाऊक आहे रे,’ त्या म्हणाल्या.

मी ‘सरी’, म्हणजे बरं, म्हटलं आणि कंबर धरून घरी परतलो. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा त्या दारातच हात पुढे करून उभ्या होत्या, मला दाखवायला.